आप्पांची हद्द

परत येऊन आठ दिवस झाले. गल्लीतल्या बायका विचारतात, कसं झालं फिरणं? मी छान झालं म्हणते आणि नळाचं पाणी भरायला लागते. पण ज्यांच्या मनात आपल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन असं कुठं जायचं आहे, त्यांच्यासाठी खरं काय ते लिहून ठेवते. या तीन दिवसांत मी जेवढी भ्याले, तेवढी उभ्या जन्मात भ्याले नव्हते. आणि मी मूळचीच भित्री. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. बाटल्यांवर नावं चिकटवण्यात आणि झाकणं पुन्हा पुन्हा घट्ट करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. कुलूप लावून निघाले तरी जिन्यावरून एकदा परत येते. नवरा लोहाऱ्याला तहसीलमध्ये नोकरीला असतो, शनिवारी घरी येतो, आणि आल्या आल्या मला विचारतो, आज कशाची भीती?

गेली दोन वर्षं एकाच गोष्टीची आहे. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ऐंशीच्या घरात आहेत. जन्म रेल्वेत गँगमन म्हणून गेला, तोही जुन्या छोट्या गाडीच्या लाइनीवर, जी आता उखडून टाकली आहे. आता ते विसरतात. आधी चष्मा विसरायला लागले, मग आई वारली हे विसरले, आणि गेल्या संक्रांतीपासून मला विसरले. मला ते 'बाई' म्हणतात, अहोजाहो करतात. घरात राहायला आलेली कोणी सभ्य पाहुणी असावी, तसं माझ्याशी वागतात.

धाकटा भाऊ सुनील पुण्याला असतो. गेल्या दिवाळीत तो आम्हाला कारमधून तुळजापूरला नेत होता. आप्पांनी घाबरून चालत्या गाडीचं दार उघडलं आणि एक पाय बाहेर टाकला. मी मागून सदरा धरला म्हणून वाचले. तेव्हापासून कार बंद. आणि सुनीलची अटही तेव्हापासूनचीच. "ताई, एकदा जरी हरवले, तर मी त्यांना इकडं वृद्धाश्रमात ठेवणार. खोलीला बाहेरून कडी असते तिथं, माणसं असतात बघायला." तो वाईट नाही. त्यालाही भीतीच वाटते, फक्त त्याच्या भीतीला कडी लागते. त्याच्यासाठी मी एक वही घातली आहे. आप्पा किती झोपले, काय खाल्लं, कुठली गोळी घेतली, सगळं लिहायचं आणि संध्याकाळी त्या पानाचा फोटो त्याला पाठवायचा.

मग एवढं असताना निघाले कशाला? तर आप्पा रोज सकाळी आठला उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, "ड्यूटीवर जायचंय. धोंडिबा वाट बघत असंल." धोंडिबाकाका हे त्यांचे जोडीदार. लाइन बंद पडल्यावर तेरलाच राहिले. मला वाटलं, एकदा दोघांना समोरासमोर बसवावं. धोंडिबा भेटला की जीव शांत होईल. मी किती चुकले ते पुढं येईलच.

धाराशिव ते ढोकी

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी आप्पांच्या सदऱ्याच्या कॉलरमागं आतून माझा फोन नंबर शिवला. कापडाच्या पट्टीवर, न जाणाऱ्या शाईनं. चार टाके जास्तच घातले.

धाराशिवचं स्टेशन गावापासून लांब आहे. रिक्षात मी आप्पांच्या मांडीवर हात ठेवून बसले होते. पण फलाटावर पाय ठेवल्याबरोबर आप्पा बदलले. पाठ ताठ झाली. गाडीत खिडकीशी बसले आणि कार बघून घाबरणारे आप्पा लेकरासारखे निवांत झाले. गाडीनं वेग घेतल्यावर मात्र त्यांनी कान दिला आणि कपाळाला आठी घातली.

"रूळ बोलंना झालेत," ते मला म्हणाले. "जोड न्हाईत का ह्याला?"

नव्या लाइनीला पूर्वीसारखे जागोजागी जोड नसतात, म्हणून तो खडखडाट नसतो. मी तसं सांगितलं. त्यांना ते काही पटलं नाही.

येडशीला एक बाई सीताफळांची पाटी घेऊन चढली. बालाघाटाच्या डोंगरातली फळं, टपोरी. पाटी पायाशी ठेवून तिनं आप्पांकडं बघितलं, मग मी त्यांचं मनगट धरलंय ते बघितलं.

"वडील व्हय?"

"हो."

"हात सोडा त्यांचा. माझा सासरा असाच हुता. धरलं की झटकायचा. त्यांला आपल्या म्होरं चालू द्यावं आन् आपण मागं ऱ्हावं. मंग त्यांला वाटतं, आपणच वाट दावायलोय."

तिनं एक पिकलेलं सीताफळ फोडून आप्पांच्या हातात दिलं. आप्पांनी एकेक बी नीट वेगळी काढून रुमालात ठेवली. मी हात सोडला. सोडला तो नेमका ढोकीलाच महागात पडला.

गाडी थांबली. मी पिशवी काढेपर्यंत आप्पा उठले, आणि फलाटाकडचं दार सोडून पलीकडचं दार उघडून सरळ लाइनीवर उतरले. गँगमनचा जन्म. त्यांना फलाटाचं काय कौतुक? ते आयुष्यभर रुळावरूनच चढले आणि उतरले. मी फलाटावर उतरले तर आमच्या दोघांमध्ये आख्खी गाडी उभी. डब्यांच्या खालून मला त्यांचं धोतर आणि वहाणा दिसत होत्या, खडीवरून हळूहळू पुढं चाललेल्या. गाडी हलली. सगळे डबे जाईपर्यंत मी मनात काय काय बघितलं ते लिहीत नाही. शेवटचा डबा गेला तेव्हा आप्पा पलीकडच्या खडीवर उकिडवे बसून रुळाच्या एका खिळ्याकडं बघत होते.

त्या संध्याकाळी वहीत मी लिहिलं: प्रवास चांगला झाला, एक सीताफळ खाल्लं. दाराचं लिहिलं नाही.

तेर

ढोकीहून तेरला एसटीनं गेलो. खरं तर तेरबद्दलच लिहायला हवं. विटांचं जुनं देऊळ आहे, नांगराला अजून खापरं लागतात, आणि नदीच्या दोन्ही काठांवर गाव वसलेलं आहे. भादव्यातली तेरणा भरून गढूळ वाहत होती. काठाचं सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. पण मी गाव बघितलं ते आप्पांच्या पाठीवरून. ती बाई म्हणाली तसं मागून चालत होते आणि नजर त्यांच्या कॉलरवर, जिथं नंबर होता.

धोंडिबाकाका बुद्धविहाराच्या मागच्या आळीत राहतात. त्यांची सून सुजाता आशा वर्कर आहे, दिवसभर स्कूटीवर गावभर. घरात बुद्धाची तसबीर, तिच्याखाली काकांच्या रेल्वेच्या नोकरीतला एकुलता एक फोटो. काका गुडघ्यांवर हात दाबत दारापर्यंत आले. आप्पांना बघून त्यांचे डोळे भरले.

"आलास गड्या? लई वाट बघायला लावलीस."

आप्पांनी हात जोडले. मग माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

काकांनी ऐकलं. आत जाऊन त्यांनी स्वतः पाणी आणलं. आप्पांनी त्यांचे आभार मानले आणि खाटेच्या कडेवर पाहुण्यासारखे बसून राहिले. मला रडू आलं. एवढी जोखीम घेऊन आणलं ते कशासाठी?

जेवायला येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी होती. आमच्याकडंही करतात, पण आम्ही शहरात राहून तिखटाला भ्यायला लागलोय. इथली आमटी अशी की कानातून वाफ निघावी. ज्वारीची भाकरी कुस्करून आप्पा दोन वाट्या जेवले. जेवताना काका आम्हाला जुन्या कामाचं सांगत होते. बहुतेक आप्पांना आठवावं म्हणूनच सांगत असावेत.

पावसाळ्यात लाइनीवर गस्त असायची. आप्पांची हद्द तेर स्टेशनपासून तेरणेच्या पुलाच्या अलीकडच्या टोकापर्यंत, आणि पुलापलीकडं काकांची. दोघं आपापल्या बाजूनं रूळ बघत यायचे, पुलाच्या टोकाशी भेटायचे आणि एकमेकांच्या वह्या बदलायच्या. ह्याची वही त्यानं न्यायची, त्याची ह्यानं. त्याशिवाय माघारी फिरायचं नाही. वही बदलली म्हणजे दोन्ही हद्दी बघून झाल्या याचा तो पुरावा.

"आन् समोरचा आलाच न्हाय तर?" सुजातानं विचारलं. तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"तर घंटाभर थांबायचं. मंग म्होरं जायचं, त्याला हुडकीत. पूल वलांडून. एकदा मला ताप हुता, म्या रुळाच्या कडंलाच आडवा झालतो. ह्यो भर पावसात पुलावरनं आला, मला खांद्यावर घिऊन गेला." काका आप्पांकडं बघून बोलत होते. "आन् वहीत सगळं लिव्हलं. म्या झोपलो हुतो ते बी लिव्हलं. म्या लई भांडलो. तर म्हणाला, दिसलं ते लिव्हायचं. न्हाय लिव्हलं तर मागनं येणारी गाडी पडती."

आप्पा आमटी भुरकत होते. मी माझ्या वहीकडं बघितलं आणि पिशवी पाय लावून खाटेखाली सरकवली.

दुसरा दिवस

सकाळी सुजातानं सुशीला केला. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना सांगते, ही कोणी मुलगी नव्हे. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी दिली की झाला सुशीला. आमच्या भागात पाहुण्याची सकाळ यावरच होते. वर काल उरलेली आमटी. आप्पांच्या हातून वाटी कलंडली आणि आमटी सदऱ्यावर सांडली. सुजातानं लगेच सदरा उतरवून घेतला, धुऊन दोरीवर टाकला आणि काकांचा एक सदरा आप्पांना घातला. मी बघत होते. सदरा बदलला म्हणजे नंबर गेला, हे माझ्या, बाटल्यांवर नावं चिकटवणाऱ्या बाईच्या, लक्षातही आलं नाही.

मी कपड्यांची पिशवी घेऊन अंघोळीला गेले. सुजाता मागच्या चुलीशी होती. काका खाटेवर पडून होते, त्यांचा डोळा लागला. दहा मिनिटं, फार तर पंधरा.

मी बाहेर आले तर आप्पांची जागा रिकामी. दाराशी त्यांच्या वहाणा नव्हत्या. कोपऱ्यातली काकांची काठी नव्हती. दोरीवर सदरा वाळत होता आणि कॉलरमागचा माझा नंबर सगळ्या आळीला दिसत होता.

आधी मी ओरडले, मग पळाले. ओल्या केसांनी एसटी स्टँडपर्यंत गेले, देवळाच्या आवारात गेले, नदीच्या घाटावर गेले. घाटावर पाणी बघितलं. कपडे धुणाऱ्या बायकांना विचारलं, कोणी म्हातारा बघितला का? "कसा हाय दिसायला?" एकीनं विचारलं. मला सांगता येईना. पांढरा सदरा, धोतर. असं निम्मं तेर दिसतं. मला सुनीलचा आवाज ऐकू येत होता, आणि त्या कडीचाही.

परत घरी आले तेव्हा काका उंबऱ्यात उभे होते.

"उठला कधी हुता?"

"आठला. उठून उभे राहिले, ड्यूटी म्हणाले. नेहमीचंच आहे."

"आन् कुणाला भेटाया?"

मी उत्तर द्यायच्या आधीच आम्हा दोघांना ते कळलं. आप्पा धोंडिबाच्या घरातून उठून धोंडिबाला भेटायला गेले होते. पुलाच्या टोकाशी. आणि पूल नव्हता. लाइन उखडली तेव्हा वरचं लोखंड काढून नेलं. नदीत नुसते दगडी खांब उभे आहेत.

काका म्हणाले, "तुमी लाइनीच्या भरावावरनं जावा, त्याच्या मागनं. पण पळू नगा, हाक मारू नगा. मागनं कुणी वरडत आलं की गस्तवाल्याला वाटतं धोका हाय, आन् त्यो म्होरं पळतो. म्या नदीकडच्या पांदीनं येतो. माझं गुडघं भरावावर चालायचं न्हाईत. तवर त्याला थांबवा."

सुजातानं स्कूटी काढली. निघता निघता काका आत वळले आणि फळीवरचं काहीतरी खिशात घालून आले.

पळू नगा. सांगणं सोपं आहे. जुना भराव वेड्या बाभळींनी भरला आहे, मधून शेळ्यांनी पाडलेली वाट. मी त्या वाटेनं चालत होते आणि दर चार पावलांनी स्वतःला आवरत होते. पदर काट्यात अडकला, फाटला. एक वळण गेलं आणि लांबवर आप्पा दिसले. घरी ज्यांना मोरीपर्यंत न्यावं लागतं ते आप्पा एका तालात चालले होते. दर थोड्या पावलांनी थांबून काठीनं खाली ठोकायचे, एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं, आणि कान द्यायचे. तिथं गवत होतं. त्यांना त्यातून काय ऐकू येत होतं कोण जाणे, पण समाधान झालं की पुढं निघायचे.

मी गाठेपर्यंत भराव संपला. शेवटच्या दगडी कठड्यावर आप्पा उभे होते. पुढं काही नाही. खाली तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या खोलीवर तेरणा, गढूळ, खांबांना वळसे घालत चाललेली. त्यांच्या वहाणांची पुढची टोकं दगडाच्या बाहेर आली होती.

"आप्पा," मी शक्य तेवढं हळू म्हणाले.

ते वळले. "बाई, लाइनीवर कशाला आलाव? गाडीची येळ हाय."

"तुम्ही कशाला उभे आहात?"

"धोंडिबाची वाट बघायलोय." त्यांनी मान वर करून उन्हाकडं बघितलं. "किती वाजलं?"

"नऊ," मी खोटं सांगितलं.

"न्हाय. एवढं ऊन आलं म्हंजी धा वाजून गेले. घंटा झाला." त्यांनी नदीपलीकडं बघितलं. "त्याला काय तरी झालंय. म्या म्होरं जातो."

आणि त्यांनी काठी पुढं टाकली. ती हवेत ठोकून परत आली, तरी त्यांना कळलं नाही. काठी उजवीकडून चुकली म्हणून त्यांनी डावीकडं टाकली.

मला काही सुचत नव्हतं. झडप घालावी तर दोघंही खाली जाणार. मी तिथंच गवतात बसले. आणि तोंडातून खरं तेच निघालं.

"मला फार भीती वाटते. मला एकटीला सोडून जाऊ नका."

काठी थांबली. आप्पांनी माझ्याकडं बघितलं, फाटलेल्या पदराकडं, ओल्या केसांकडं. मग पुलाकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, एक नियम म्हणतो पुढं जा, आणि एक भ्यालेली बाई मागं बसली आहे. शेवटी ते कडेवरून मागं आले, एकेक पाऊल, आणि माझ्याशेजारी उकिडवे बसले. त्यांनी माझा हात धरला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपणहून धरला.

"भिऊ नगा. म्या हाय हितं. धोंडिबा आला की तुमाला घरी पोचिवतो."

कठड्याच्या कडेनं, नदीच्या बाजूनं, आधी धापा ऐकू आल्या. मग काकांचं डोकं वर आलं. त्यांना खालून सुजाता ढकलत होती. काका बरोबर तिथून वर आले जिथून पूल संपून माणूस यायचा. हात छिलले होते, धोतर चिखलानं भरलेलं. उभं राहायला त्यांना वेळ लागला.

"उशीर झाला गड्या," ते म्हणाले.

आप्पा उठले. आदल्या दिवशी ज्या माणसाला त्यांनी हात जोडले होते, त्याच माणसाकडं बघून ते रागावले. "धोंडिबा, झोपला हुतास का? वही काढ."

काकांनी खिशातून पुस्तक काढून दिलं. ते गॅसच्या टाकीचं पुस्तक होतं. आप्पांनी ते कपाळाला लावून बगलेत धरलं. मग स्वतःच्या खिशात हात घातला. सदरा काकांचा, खिसा रिकामा. त्यांनी दुसरा खिसा बघितला, पुन्हा पहिला बघितला. माझ्या आप्पांच्या चेहऱ्यावर मी कधी नाही ती भीती बघितली. वही हरवलेल्या गस्तवाल्याची भीती.

मी पिशवी सोडली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. आत माझी वही होती. मी ती काढून आप्पांच्या हातात दिली. "तुमची वही. खाली पडली होती."

त्यांनी ती काकांना दिली. काकांनी गुडघ्यावर ठेवून त्या दिवसाच्या पानावर लिहिलं: 'पूल. भेट झाली. उशीर माझा.' खाली सही केली.

"ह्या बाई एकट्या हैत, लई भ्याल्यात," आप्पांनी त्यांना सांगितलं. "ह्यांला घेऊन म्या माघारी जातो."

आणि ते माघारी निघाले. काठीनं ठोकत, एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं. मी मागून चालत होते. मला आता पळावंसं वाटत नव्हतं.

दुपारी मी वही उघडली. काकांची सही तिथं होती, त्यामुळं पान फाडायची सोय नव्हती. मी सगळं लिहिलं. सदरा, अंघोळ, कठडा. आदल्या पानावर जाऊन ढोकीचं दारही लिहिलं. फोटो पाठवला आणि फोन हातात घेऊन बसले. सुनीलचा फोन यायला बराच वेळ लागला.

"ताई," तो म्हणाला, "हे तू लिहिलंस कशाला? मला कळलंही नसतं."

"म्हणूनच."

"मी या दिवाळीला येतो. कार नाही आणत." मग म्हणाला, "कडीचं मी अजून सोडलेलं नाही, हे लक्षात ठेव."

मी लक्षात ठेवलं आहे. खोटं कशाला सांगू, त्यानंतर तीनदा मीच त्या कडीचा विचार केला.

परत

निघताना आप्पांनी काकांना पुन्हा हात जोडले आणि गृहस्था, लई त्रास दिला म्हणाले. काकांनीही हात जोडले. गॅसचं पुस्तक आप्पा सोडेनात, शेवटी सुजाता म्हणाली, असू द्या, नवीन काढीन.

ढोकीला मी आप्पांना फलाटाकडच्या दारानंच चढवलं आणि पलीकडच्या दारापाशी स्वतः उभी राहिले. मग त्यांच्यासमोर बसले. हात धरला नाही. नजर मात्र हलवली नाही. गाडी सुटली. बऱ्याच वेळानं आप्पांनी माझ्याकडं बघितलं, ओळखीच्या माणसाकडं बघावं तसं.

"बाई, कुठलं गाव तुमचं?"

"धाराशिव."

"घरी कोण असतं?"

"वडील आहेत," मी म्हणाले. "म्हातारे आहेत."

आप्पांनी मान हलवली. बगलेतलं पुस्तक नीट धरलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मग कुठं थांबू नगा आता. नीट घरी जावा. वाट बघत असत्याल."